चिखलातून आलेली गाडी : धुणे म्हणजे नुसते पाणी मारणे नव्हे

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



बेणे, लागण, खोडवा आणि खत सोडून शेती विभागाच्या माणसाने गाडीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. मी शेतकी पदविकेचा माणूस, मिस्त्री नव्हे. पण वीस वर्षांच्या नोकरीत शिवारातून जीप फिरवली, कारखान्याच्या वाहन विभागातल्या जुन्या फिटर मंडळींच्या शेजारी उभे राहून बघितले, विचारले आणि वहीत टिपून ठेवले. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे येथे देत आहे.

पूर्वी चारही चाकांनी ओढणारी गाडी म्हणजे गटाची एखादी जीप. आता तसे राहिलेले नाही. वस्तीवर जुनी जीप आहे, कोणाच्या दारात नवी थार उभी आहे, आणि फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर तर प्रत्येक गावात दिसू लागले आहेत. तोडणी चालू असताना मध्येच पाऊस लागला, पाणंदीत गुडघाभर राड झाली, तरी दांडा ओढला की गाडी निघते. गाडी चिखलातून बाहेर काढण्याची अक्कल आपल्या माणसाला कोणी शिकवायला नको. बाहेर काढल्यावर तिचे काय करायचे, येथे मात्र आपण कमी पडतो. “राहू दे साहेब, वाळला की आपोआप गळून पडेल,” असे उत्तर मी कितीदा ऐकले त्याला गणती नाही.

तो गळून पडत नाही. दिसतो तेवढाच पडतो.

आपल्या काळ्या रानाचा गुण आपल्याला पिकाच्या बाबतीत पाठ आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. या मातीतली चिकण अतिशय बारीक असते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून तर आपला ऊस दोन पाळ्यांच्या मध्ये तग धरतो. तोच गुण गाडीच्या पत्र्याला मारक आहे. बाहेरून चिखल वाळून पांढरा पडलेला दिसतो, पण चासीच्या पोकळीत, पाट्यांच्या फटीत, मडगार्डच्या आतल्या दुमडीत तो आठ-आठ दिवस ओलाच असतो. लोखंडाला ओले फडके गुंडाळून ठेवावे तसा हा प्रकार आहे. त्यात रान चोपण असेल, किंवा त्याच ट्रॉलीतून पोटॅशची पोती नेली असतील, तर क्षार मिळतात आणि गंज दुप्पट जोराने चढतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडच आहे, मिठाच्या घरातले. ट्रॉलीच्या फाळक्याचा तळ सगळ्यात आधी का जातो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की धुणे त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी. मात्र त्याच्याही आधीचे काम रानाच्या बांधावरच करायचे आहे.

डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी गाडी थांबवा. चाकांच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत बसलेले मातीचे गोळे खुरप्याने किंवा काठीने काढा. हे गोळे एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी बसतात, आणि गाडी वेगात आली की स्टिअरिंग थरथरायला लागते. लोक म्हणतात अलाइनमेंट गेले. अलाइनमेंट शाबूत असते, पावशेर-अर्धा किलो चिखल तेवढा जास्त झालेला असतो. टायरच्या नक्षीतला चिखलही तेथेच झाडा. रस्त्यावर पडलेला काळा रेंदा पहिल्या पावसाच्या सरीला लोण्यासारखा होतो आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावरून घसरतो. तो आपल्याच गावचा असतो. रानातून रस्त्यावर येण्याच्या जागी मुरूम टाकून घेतला, किंवा निदान पाचट अंथरले, तरी अर्धा चिखल तेथेच राहतो.

तेथेच फोर व्हीलचा दांडा परत टू व्हीलवर घ्या, डिफरन्शियल लॉक असेल तर सोडा, आणि जुन्या जीपला पुढच्या हबवर फिरवायची टोपी असेल तर तीही सोडवा. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा आस आतून एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात चाक थोडे घसरते म्हणून ते चालते. कोरड्या डांबरीवर चाक घसरत नाही, वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापू पाहतात, आणि सगळा पीळ गिअरवर, शाफ्टच्या क्रॉसवर येतो. ट्रॅक्टरमध्ये तर पुढची चाके मुद्दाम मागच्यापेक्षा किंचित पुढे ओढतील अशी रचना असते. ते रानात फायद्याचे, डांबरीवर टायर खाण्याचे. पुढचे टायर लवकर झिजले म्हणून दुकानदाराला दोष देणाऱ्यांनी आपला ड्रायव्हर रस्त्यावर दांडा कोठे ठेवतो ते एकदा बघावे. रानात टायरची हवा कमी केली असेल तर रस्त्याला लागण्यापूर्वी ती भरून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

आता ब्रेक. या लेखातले बाकीचे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

एका गावची गोष्ट आहे. नाव सांगत नाही. बेण्याच्या मळ्यातून जीपच्या मागे छोटी ट्रॉली लावून बेणे नेत होते. आदल्या दिवशी गाडी चिखलातून आली होती आणि संध्याकाळी मोटारीच्या पाइपने झकास धुतली होती. रंग चमकत होता, काचा चमकत होत्या. उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर गाडी एकदम डाव्या अंगाला खेचली. डाव्या बाजूने शाळेची पोरे चालली होती. ती चटदिशी बांधावर चढली म्हणून निभावले. मागाहून मिस्त्रीने चाके उघडली, तेव्हा उजव्या चाकाच्या ड्रममधून मूठ-मूठ चिखल निघाला. उजवे चाक धरेना, डाव्याने मात्र चोख धरले. एवढ्यावरूनच गाडी आडवी होऊ लागली होती.

ड्रम ब्रेकची रचना बघितली तर हे सहज ध्यानात येते. ड्रम म्हणजे एक उलटे पातेले. त्यात लायनर बाहेरच्या बाजूला दाबून चाक थांबवतात. चिखलात चाक बुडाले की मागच्या प्लेटच्या फटीतून पातळ रेंदा आत शिरतो, पण बाहेर यायला त्याला वाट नसते. पाणी निघून जाते, माती राहते. त्यातली वाळू लायनर आणि ड्रमच्या मध्ये सहाणेसारखी घासते, ड्रमला चऱ्या पडतात. हा खर्च झाला. धोका वेगळाच. ओला चिखल आत असताना ब्रेक धरत नाही, आणि वाळला की कधी एकदम चिकटतो. हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवली तर सकाळी चाक सुटतच नाही. म्हणून चिखलातून आलेली ओली गाडी शक्यतो गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून उभी करावी.

पाण्यातून, चिखलातून वर आल्यावर आधी मोकळ्या जागी हळू वेगात दोन-चारदा ब्रेक दाबून बघा. धरत नसेल तर हलका पाय ठेवून थोडे अंतर चालवा, म्हणजे उष्णतेने लायनर सुकतात. गाडी एका अंगाला ओढते का, ते तेव्हाच कळते. घरी आल्यावर, चिखल चाकाच्या आसापर्यंत आला असेल तर ड्रम उघडलाच पाहिजे. चारही चाके जॅकवर घेण्याचे काम तास-दोन तासांचे आहे. ड्रम काढा, चिखल पाण्याने धुऊन घ्या. तोंडाने फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. व्हील सिलिंडरचे रबर फाटले आहे का, आत तेल ओघळले आहे का, बघा. लायनरवर तेलाचा किंवा ग्रीसचा ओघळ असेल तर तो रॉकेलने पुसून भागत नाही, लायनर बदलावेच लागतात. आणि एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदला, नाहीतर पुन्हा तीच एका अंगाची ओढ.

पुढे डिस्क ब्रेक असतील तर तेथे माती साचून राहत नाही हे खरे, पण पॅड आणि डिस्कच्या मध्ये खडा अडकतो आणि कॅलिपरच्या पिना चिखलाने जाम होतात. धुतल्यावर चाक हाताने फिरवून बघावे. मोकळे फिरले पाहिजे. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेते. दोन वर्षांत एकदा ते पूर्ण काढून नवे भरावे, डबीत कमी झाले की वरून ओतणे म्हणजे बदलणे नव्हे.

ट्रॅक्टरवाल्यांनी ब्रेकचे दोन्ही पेडल जोडणारी कडी रस्त्यावर आल्या आल्या लावावी. रानात सरीच्या टोकाला वळायला एकच पेडल लागते म्हणून ती सोडलेली असते. भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना एका पेडलवर पाय पडला तर काय होईल, ते लिहून दाखवायला नको. पेडलच्या बुडाशी साठलेला चिखल वाळून खडा झाला की पेडल पूर्ण दाबले जात नाही. हातभर लांबीची लोखंडी पट्टी टपात ठेवा आणि रोज तेवढी जागा खरडून काढा.

आता प्रत्यक्ष धुणे. रानातून आल्या आल्या तापलेल्या गाडीवर गार पाण्याचा फवारा मारू नये. इंजिन, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, ब्रेकचे ड्रम हे सगळे ओतीव लोखंड. तव्यावर पाणी पडल्यासारखे होऊन ते तडकते किंवा वाकडे होते. अर्धा-पाऊण तास गाडी सावलीला निवू द्या. तोवर चहा घ्या.

सुरुवात पाणी मारून भिजवण्याने करा, घासण्याने नव्हे. वाळलेल्या मातीवर फडके फिरवले की ते पॉलिश पेपरचे काम करते आणि रंग जातो. आधी बुडाखाली, मडगार्डच्या आत, पाट्यांवर, आसावर भरपूर पाणी मारून पंधरा मिनिटे सोडून द्या. माती फुगली की ती स्वतःहून सुटते. मग मऊ फवाऱ्याने वरून खाली या. शेवटी पुन्हा बुड धुवा, कारण वरची सगळी घाण तेथे उतरलेली असते. चासीच्या दांड्यांना खालून भोके असतात. ती पाणी निघून जाण्यासाठी असतात, कंपनीने चुकून ठेवलेली नसतात. तारेने ती मोकळी करा आणि आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाइप सोडा. दाराच्या खालच्या कडेलाही अशी भोके असतात. जुन्या जीपचा पायाखालचा पत्रा कुजतो तो वरून नव्हे, मॅटखालून. मॅट उचलून उन्हात टाका आणि पत्रा पूर्ण वाळल्यावरच परत अंथरा.

हल्ली प्रेशर वॉशर सगळीकडे झाले आहेत. काम पटकन होते. पण तो फवारा जेथे तेथे मारू नये. ऑईल सील, बेअरिंगच्या टोप्या, शाफ्टचे क्रॉस, अल्टरनेटर, स्टार्टर, वायरिंगचे सॉकेट, हवेच्या फिल्टरचे तोंड, यांच्यापासून तो लांबच ठेवावा. सील आतले तेल बाहेर येऊ न देण्यासाठी केलेले असते, बाहेरून जोराचा मारा सोसण्यासाठी नव्हे. धुऊन आणलेल्या गाडीचे बेअरिंग महिन्याभरात वाजू लागते, त्यातली पुष्कळ बेअरिंगे या फवाऱ्याने गेलेली असतात.

आणखी एक सांगायचे. गाडी ओढ्यात, कॅनॉलमध्ये किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. तेल-ग्रीस त्याच पाण्यात जाते, आणि खालच्या अंगाची जनावरे तेच पाणी पितात. मुरमाच्या उंचवट्यावर, विहिरीपासून लांब जागा करा. बोअरचे पाणी मचूळ असेल तर शेवटचे एक पाणी गोड्या पाण्याचे मारा.

यापुढची गोष्ट फारशी कोणी बघत नाही. आसाच्या हाऊझिंगवर, गिअरबॉक्सवर एक बारीक टोपी किंवा रबरी नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात, म्हणजे आसाचे नाकच. गाडी चालून तेल तापले की आतली हवा फुगते, ती या नाकातून बाहेर पडते. निवली की परत आत येते. आता असे समजा की ओढा उतरताना तापलेला आस एकदम गार पाण्यात गेला. आतली हवा आकसली. नाक मोकळे आणि पाण्याच्या वर असेल तर ते हवा ओढते. पण नाक चिखलाने बुजलेले असेल तर हवा येणार कोठून? मग ओढ सीलवर येते आणि सीलच्या कडेने पाणी आत शिरते. बाहेरून कोरडा दिसणाऱ्या आसात आतून पाणी साचते ते असे. उलट रानात तापल्यावर फुगलेली हवा बाहेर पडली नाही तर तेलच सीलमधून ढकलले जाते आणि थेट ब्रेकच्या लायनरवर उतरते. “सील बदलले, परत गळतेच” ही तक्रार असेल तर आधी हे नाक साफ करा. नळी लांब करून बॉनेटच्या उंचीला नेऊन बांधली तर उत्तमच, जुन्या जीपला हे काम सहज करता येते.

पाणी शिरले का, हे ओळखणे सोपे आहे. तेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे रात्रभर गाडी उभी राहिली की पाणी तळाला बसते. सकाळी गाडी न हलवता खालचा बोल्ट थोडा सैल करा. आधी पाणी आले तर उत्तर मिळाले. गाडी चालवून मग बघितले तर तेल आणि पाणी घुसळून ताकासारखे पांढरट झालेले दिसेल. असे तेल एक दिवसही आत ठेवू नये, कारण त्याला वंगण राहत नाही, दातेरी चाके आणि बेअरिंगे कोरडी घासतात. तेल काढा, नवे भरा, आणि पाणी कोठून आले ते शोधा. दोन-तीन डबे तेलाचा खर्च जड वाटतो, पण क्राउन-पिनियन बदलायची वेळ आली की डब्यांचा हिशेब कोणी करीत नाही.

जीपच्या पुढच्या चाकांमागे जो गोळा असतो, ज्याच्यावर चाक वळते, त्याच्या कडेला नमदा किंवा रबराची पट्टी असते. ती गोळ्यावरची माती पुसून काढते. पट्टी झिजली की माती आत जाऊन गोळ्याला चऱ्या पडतात. पट्टी स्वस्त आहे, गोळा महाग. नव्या गाड्यांना आणि काही ट्रॅक्टरना येथे रबरी बूट असतो, त्याला चीर पडली आहे का ते बोटाने चाचपून बघा. उसाच्या खुंटाने तो फाटतो.

रेडिएटरबाबत थोडक्यात. चिखल, पाचटाचे तुकडे आणि तुऱ्याचा कापूस मिळून जाळीवर गोधडी तयार होते आणि गाडी तापते. ती आतून, पंख्याच्या बाजूने बाहेर, अशी हलक्या पाण्याने धुवावी. बाहेरून मारलेला फवारा घाण आत ठोकतो आणि पापुद्रे वाकवतो. गरम असताना टोपी उघडू नये. पंख्याचा पट्टा चिखलाने बुळबुळीत झालेला असेल तर धुऊन कोरडा करावा.

हवेच्या फिल्टरकडे मात्र जास्त लक्ष हवे. जुन्या ट्रॅक्टरला आणि जीपला तेलाची वाटी असते. चिखलातून आल्यावर ती काढून बघा, तळाला गाळ किंवा पाणी असेल तर तेल फेकून, वाटी धुऊन, खुणेपर्यंतच नवे तेल भरा. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते ओढून घेते. कागदी फिल्टर भिजला असेल तर तो उन्हात वाळवून परत बसवू नका. ओल्या कागदाला अंगठ्याएवढे भोक पडले तरी सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

आणि पाण्यातच इंजिन बंद पडले असेल तर? चावी फिरवायचा मोह आवरा. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही, आणि जोराने फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, फिल्टर उघडा, तो ओला असेल तर इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय चालू करू नये. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या सभासदांनी महापूर बघितला आहे. पाणी उतरल्यावर लोकांनी घाईने गाड्या चालू करून बघितल्या, हे स्वाभाविक होते. पण पुरात पूर्ण बुडालेल्या गाडीला एकच नियम आहे. बॅटरीची तार आधी सोडायची, आणि इंजिन, गिअर, आस, स्टिअरिंग, सगळीकडचे तेल बदलून, डिझेलची टाकी रिकामी करून, मगच चावी लावायची. पुराचा गाळ साध्या चिखलापेक्षा बारीक, तो अशा फटीत जातो जेथे आपला हात जात नाही.

धुऊन झाले की ग्रीस. हे काम धुण्याच्या आधी करणे म्हणजे पेरणीनंतर नांगरणी. शाफ्टचे क्रॉस, सरकता सांधा, किंगपिन, पाट्यांच्या शॅकलच्या पिना, ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाची मधली पिन, ट्रॉलीची हूक, प्रत्येक निपल आधी फडक्याने पुसा. पुसला नाही तर गन मातीच आत ढकलते. मग जुने काळे ग्रीस आणि पाणी बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत दाबा. एखादा निपल ग्रीस घेत नसेल तर “होईल नंतर” म्हणू नका, तो काढून साफ करा किंवा बदला. ग्रीस न घेणारा क्रॉसच भर रस्त्यात तुटतो.

आपल्याकडे पावसाळ्याआधी चासीला जळके ऑईल फासण्याची जुनी रीत आहे. ती मला पटत नाही. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून पुट चढते, आणि तेच तेल ठिबकत आपल्या खळ्यात, रानात जाते. शिवाय त्यात आम्ल आलेले असते. गंज तारेच्या ब्रशने खरडून, रेड ऑक्साइड लावून, वर चासीचा काळा रंग दिला तर दोन वर्षे बघायला नको. जळके ऑईल डब्यात साठवून ते घेणाऱ्याला द्या.

शेती विभागाचा माणूस म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोर व्हील आहे म्हणून ओल्या रानात गाडी घालू नका. गाडी निघेल, पण रानाचे काय? वाफसा नसताना जड चाके फिरली की खालची माती विटेसारखी दबते, खोडव्याचे खुंट चिरडतात, आणि त्या पट्ट्यात फुटवा येत नाही. पुढच्या वर्षी त्या ठिकाणी चाकोरी मोजून दाखवता येते. दोन दिवस थांबता येत असेल तर थांबावे. टोळी आणि मुकादमाची घाई असतेच, तिला शक्य तेथे आवर घालावा.

आता शेवटचे काम, ज्याला पाच मिनिटे लागतात आणि जे सगळ्यात जास्त टाळले जाते. गाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागचे दिवे, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर फडक्याने पुसा. हंगामात रात्री-अपरात्री ट्रॉल्या रस्त्यावर असतात. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर म्हणजे नसलेला रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशात डोळे दिपलेल्या मोटारसायकलवाल्याला मागची ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना दिव्याची तार असते पण चिखलात ओढून ती तुटलेली असते, सॉकेटमध्ये माती भरलेली असते. सॉकेट कोरडा करून थोडे व्हॅसलीन लावा, म्हणजे पितळेला हिरवा गंज येत नाही. अर्थिंगची तार जेथे चासीला लावली आहे तेथला गंज खरडा, निम्मे दिवे तेथेच अडलेले असतात. रिफ्लेक्टरची पट्टी फाटली असेल तर नवी लावून घ्या. ट्रॉलीची मागची बाजू उसाच्या वाढ्यांनी झाकली जात असेल तर पट्टी खाली, ती दिसेल अशा उंचीला लावा, आणि काट्यावरून रिकामी ट्रॉली बाहेर पडली की ड्रायव्हरला एकदा मागे जाऊन फडके फिरवायला सांगा. फडके सीटखाली ठेवा, टूलबॉक्समध्ये नको, तेथून ते कोणी काढत नाही.